वजनाचं सरकारी पत्र

सरकारला मुलांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली की मी सावध होते. सरकार काळजी करतं म्हणजे काय करतं? आधी एक घोषवाक्य ठरवतं. मग त्याला शोभेल असं एखादं चित्र काढून घेतं. मग माहितीपत्रकांचे गठ्ठे छापतं. आणि मग ते गठ्ठे उचलून शाळाशाळांतून वाटायला कोणीतरी लागतं. एकवीस वर्षं ते ‘कोणीतरी’ मी होते.

शहराचं नाव लिहीत नाही. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गहून एस-बान लोकलने पाऊण तास, एवढंच सांगते. पेन्शन अजून तिथूनच येते. तिथल्या आरोग्य कार्यालयाच्या बालविभागात मी आहारतज्ज्ञ होते. मूळची नागपूरची, गृहविज्ञान शिकलेली. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. इथल्या लोकांना माझी पदवी पटेना, म्हणून अठरा-अठरा वर्षांच्या पोरींशेजारी बाकावर बसून तीन वर्षं तेच पुन्हा शिकले, बटाट्यावर जरा जास्त भर देऊन. बाकी माझ्या कारकिर्दीत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते एका पत्राबद्दल, पण त्याआधी आमच्या कामाचा थोडा अंदाज यायला हवा.

फुटबॉलचा वर्ल्ड कप नुकताच जर्मनीत होऊन गेला होता. अख्खा देश महिनाभर सोफ्यावर बसून, चिप्स खात खात, खेळाच्या प्रेमात पडला होता. त्यानंतर वरच्या लोकांना जाग आली की आपली मुलं सुटत चालली आहेत, त्यांना दोन जिने चढवत नाहीत, आणि सकाळी शाळेत येताना ती चॉकलेट लावलेला पांढरा पाव घेऊन येतात. झालं. प्रोजेक्ट आला. इथे काम नसतं, प्रोजेक्ट असतो. तो तीन वर्षांचा असतो. पहिलं वर्ष नाव ठरवण्यात जातं, तिसरं अहवाल लिहिण्यात, आणि मधल्या वर्षात जे काय हातून होईल ते मुलांचं.

मंत्रालयाकडून आम्हाला गाजराचा पोशाख आला. सहा फुटी जर्मन माणसाच्या मापाचा. मी पाच फूट एक इंच. गाजराचे डोळे माझ्या डोक्याच्याही वर, त्यामुळे आतून मला फक्त फोम दिसायचा. “फ्राउ रामटेके, तुम्हीच मुलांमध्ये छान मिसळता,” असं म्हणून (फ्राउ म्हणजे बाई) आमचे साहेब डॉक्टर लिंडनर यांनी तो माझ्या अंगावर चढवला. पहिल्याच शाळेत दोन मुलींनी हात धरून मला वर्गात नेलं आणि मागून एक जण ओरडला, “गाजराला दम लागलाय!” लागलाच होता. आत नुसती भट्टी होती.

दुसऱ्या एका शाळेत मी फळं कापण्याचा तास घेत होते आणि दाराबाहेर कोलाचं मशीन घरघरत होतं. मुख्याध्यापिकेला म्हटलं, बाई, आधी हे हलवा. ती म्हणाली, “गेनाऊ, अगदी बरोबर. पण त्याच्याच कमाईतून तर खेळाच्या संघाचे टी-शर्ट येतात.” म्हणजे मुलांनी जितका कोला ढोसला तितका संघ नटणार. मी आपली सफरचंदं कापत राहिले.

पालकसभेत एक खाटीक उभे राहिले. हे एवढे रुंद, हात कमरेवर. म्हणाले, “आमच्या घरात चार पिढ्या सॉसेज खातात आणि सगळे ऐंशीच्या पुढे गेले. तुमची मसुराची डाळ खाऊन कोण किती जगलं ते सांगा.” मी म्हटलं, “माझी मोठी आत्या. ब्याण्णव. आणि अजून भांडते.” सभा हसली, ते बसले, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात माझ्या नावाने दोन किलो लिव्हर सॉसेज येऊन पडलं. मी शाकाहारी नाही, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

अशी माणसं मला आवडायची. भांडतात, पण काय चाललंय ते त्यांना कळतं. माझा जीव खाल्ला तो कागदांनी.

आमच्या प्रोजेक्टचा खरा कणा होता वजनकाटा. वर्षाच्या सुरुवातीला चौथीच्या मुलांची उंची-वजनं घ्यायची, शेवटी पुन्हा घ्यायची, आणि फरक काढायचा. पर्सेंटाइल हा शब्द आमच्या तोंडी दिवसभर. सोपं करून सांगते. एकाच वयाची, सारख्या उंचीची शंभर मुलं वजनाच्या क्रमाने रांगेत उभी केली आहेत असं समजा. सगळ्यात हलकं पहिलं. तुमचं मूल नव्वदाव्या जागेच्या पुढे असेल तर ते आमच्या लेखी ‘लक्ष देण्याजोगं’. अशा मुलाच्या घरी पत्र जायचं.

ते पत्र मी लिहिलं होतं. लपवत नाही. चांगलं लिहिलं होतं, निदान मला तसं वाटायचं. आपल्या मुलाचं वजन उंचीच्या मानाने थोडं जास्त आहे, काळजीचं कारण नाही, मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, घरात अमुक बदल करता येतील, पुढची तपासणी तमुक तारखेला. मग पत्र कायदा विभागात गेलं. तिथून परत आलं तेव्हा खाली एक वाक्य चिकटलं होतं : ‘दिलेल्या मुदतीत सहकार्य न केल्यास पुढील कारवाईचा अधिकार आम्ही राखून ठेवतो.’ हे वाक्य त्या शहराच्या प्रत्येक पत्राखाली असतं. वाचनालयाचं पुस्तक उशिरा दिलंत तरी असतं, कुत्र्याचा कर भरायचा राहिला तरी असतं. जर्मन माणूस ते वाचतच नाही. आणि इतक्या वर्षांत मीही ते वाचेनाशी झाले होते. मी पत्रावर ‘ठीक’ अशी सही केली आणि पाठवून दिलं.

आता समीक्षाबद्दल सांगते.

समीक्षा मेश्राम, नऊ वर्षांची, चौथीत. वडील नितीन न्युरेम्बर्गच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर, आई वैशाली घरी. अमरावतीकडची मंडळी. आंबेडकर जयंतीला आम्ही पंचवीस-तीस जण एका भाड्याच्या सभागृहात जमायचो, तिथली ओळख. वैशाली मला ताई म्हणायची, पोरगी मावशी. मावशी एवढाच तिचा मराठी शब्द. बाकी मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. गोल चेहऱ्याची, दणकट, हसली की डोळे मिटायचे. वजनाने ती रांगेत नव्वदाच्या पुढे होती, थोडीशीच. नियमाप्रमाणे तिच्या घरीही पत्र गेलं. यादी मीच केली होती. तिच्या नावावर माझी बोटं एक क्षणही थांबली नाहीत.

प्रोजेक्टमध्ये आठवड्यातून एक तास खेळाचा होता आणि तो मी खो-खोसाठी बळकावला होता. कॉलेजात मी खो-खो खेळले आहे, बरं का, उगाच नाही. सामान काही लागत नाही, मैदान लहान चालतं, आणि जाड-बारीक सगळ्यांना काम मिळतं. विमा विभागाने विचारलं, हा खेळ आमच्या यादीत नाही, हे नेमकं काय आहे? मी अर्जात लिहिलं : ‘मधून मधून बसण्याची सोय असलेला धावण्याचा खेळ.’ मंजूर झालं. व्हॉलीबॉलच्या जाळीचे दोन खांब उभे केले आणि पहिल्या दिवसापासून समीक्षा त्या खांबाची राणी झाली. एका हाताने खांब धरून अशी गरकन वळायची की पुढे पळणारी पोरगी गोंधळून उभीच राहायची. “खो!” एवढा मराठी शब्द मात्र ती सगळ्या जिमला ऐकू जाईल असा ओरडायची. तो खेळ तिच्या हक्काचा झाला होता.

हिवाळ्यात ती बारीक व्हायला लागली. मी आहारतज्ज्ञ. माझ्या लक्षात आलं का? आलं. आणि मला आनंद झाला! खरं ते हेच. वीस मुलांसमोर मी तिच्या पाठीवर थाप मारली, “व्वा, समीक्षा, किती हलकी झालीस!” म्हटलं आणि तिच्या वहीवर गाजराचं स्टिकर चिकटवलं. ती हसली नाही. नंतरच्या दोन खेळाच्या तासांत तिला खो मिळाला तरी उठायला वेळ लागायचा. खांबाजवळ पोचली की धरून उभी राहायची. मला वाटलं, सर्दीबिर्दी असेल. त्या दिवसांत जर्मनीत सगळ्यांनाच सर्दी असते.

मग दुसऱ्या तपासणीचा दिवस आला. शाळेतल्या नकाशांच्या खोलीत काटा मांडला होता, एकेक मूल आत येत होतं. समीक्षा आली. बूट काढले, सगळेच काढतात. स्वेटर काढला. मग मोजे. मग केसांतल्या दोन्ही क्लिपा काढून टेबलावर ठेवल्या. मग कानातले. मनगटावर मैत्रिणीने बांधलेला दोरा होता, तो सुटेना तेव्हा दातांनी ओढायला लागली.

“अगं, राहू दे तो. दोऱ्याचं काय वजन!” मी म्हटलं.

ती काट्यावर चढली, श्वास आत ओढून, डोळे मिटून उभी राहिली. मग डोळे न उघडताच जर्मनमध्ये विचारलं, “मावशी, एवढं पुरेल?”

“कशाला पुरेल?”

“आम्हाला इथे राहायला.”

मला आधी काही समजलंच नाही. मी तिला खाली उतरवलं, स्वेटर घातला, आणि ती हळूहळू सांगत गेली. मेश्रामांच्या घरात जर्मन पत्रं समीक्षा वाचते. नितीनचं कंपनीतलं काम इंग्रजीत, वैशालीचं जर्मन भाजीपाल्यापुरतं. पोर फडाफडा वाचते, म्हणून कौतुकाने सगळं टपाल तिच्यापुढे. काही महिन्यांपूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून पत्र आलं होतं : राहण्याचा परवाना संपत आलाय, ही कागदपत्रं द्या. त्याच्याखाली तेच वाक्य. मुदतीत सहकार्य न केल्यास पुढील कारवाई. समीक्षाने विचारलं होतं, बाबा, कारवाई म्हणजे काय? आणि नितीनने, फाईल शोधता शोधता, सांगून टाकलं होतं : म्हणजे परत भारतात पाठवतील. मग माझं पत्र आलं. तोच शहराचा शिक्का, तसाच पांढरा लिफाफा, तसंच खाली वाक्य. पोरीने वाचलं आणि आईबाबांना सांगितलं, की या तारखेपर्यंत माझं वजन कमी झालं नाही तर आपल्याला जावं लागेल.

नऊ वर्षांच्या मुलीने बिनचूक वाचलं होतं. चूक काय असेल तर ती आमची.

“तू मला का नाही गं विचारलंस?” मी म्हटलं.

“आई म्हणाली, मावशींना विचारायचं नाही. आपल्याला मदत केली तर त्यांची नोकरी जाईल.”

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बेल वाजवतानाच डोकं तापलं होतं. कोणावर, ते ठरत नव्हतं. वैशालीने दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून तिचाच उतरला. आत फ्रिजवर एक आलेख लावलेला. नितीन इंजिनियर ना! कॉम्प्युटरवर काढलेला, आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर किलो. पत्रासोबतच्या माहितीपत्रकातल्या तक्त्यावरून त्याने लक्ष्य काढलं होतं, चौतीस किलो, लाल रेघेने. रोज सकाळचं वजन निळ्या ठिपक्याने. ठिपके खाली खाली उतरत गेलेले. एखाद्या मशीनचं काम बघावं इतकं नीटनेटकं.

“काय खाते ती?” मी विचारलं.

“सकाळी काकडी,” वैशाली म्हणाली. “दुपारी शाळेत सफरचंद. रात्री अर्धी पोळी आणि पातळ वरण.”

“वैशाली! वाढीचं वय आहे तिचं!”

“मग काय करू, ताई?” ती एकदम फुटली. “मला कळत नाही का? तिच्या ताटाकडे बघून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण ह्यांची नोकरी, घर, हिची शाळा, सगळं त्या कागदावर! सरकारी पत्राला नाही कसं म्हणायचं?”

“ते पत्र मी लिहिलंय,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तुम्ही? आपल्या असून तुम्ही असं लिहिलंत?”

ते वाक्य कायदा विभागाचं, ते सगळ्या पत्रांखाली असतं, त्याचा परवान्याशी काडीचा संबंध नाही, असं मी दोन-तीनदा सांगितलं. वैशालीला पटल्यासारखं वाटलं. नितीन मात्र खुर्चीत तसाच बसून होता. मग अगदी नम्रपणे म्हणाला, “ताई, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण लेखी मिळालं तर बरं होईल.”

“लेखी कशाला? मी सांगतेय ना!”

“जयंतीला तुम्हीच म्हणाला होतात, या देशात तोंडी काही नसतं, जे काय ते कागदावर. तीन आठवड्यांनी आमची परवान्याची भेट आहे. तेवढी होऊ दे. मग तिला हवं ते खाऊ दे.”

“तीन आठवडे पोर उपाशी ठेवणार?”

“उपाशी नाही, ताई. कमी.”

मी कपाळावर हात मारला. स्वतःच्याच शहाणपणाची चपराक बसली होती. आतल्या खोलीच्या दारात समीक्षा उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या मनगटाची हाडं दिसत होती. मी उठले आणि म्हटलं, ठीक आहे, लेखी आणते. सोपं वाटलं होतं हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेले. आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली. तिथल्या बाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, एक ओळ लिहून द्या, की मुलीच्या वजनाचा परवान्याशी संबंध नाही.

“आल्झो, त्याचं असं आहे,” त्या म्हणाल्या, “वजन या विषयाला आम्ही त्सुश्टेंडिश नाही.” हा शब्द जर्मनीत राहिलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. त्सुश्टेंडिश नाही म्हणजे हा विषय आमच्याकडे येत नाही, पुढच्या दाराला जा.

“म्हणूनच तर! तुमच्याकडे येत नाही, एवढंच लिहून द्या.”

“जे आमच्याकडे येत नाही त्याबद्दल आम्ही कसं लिहिणार?”

मी वर आले. डॉक्टर लिंडनरना म्हटलं, साहेब, तुम्ही द्या. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. “भयंकर आहे हे, फ्राउ रामटेके. पण राहण्याचा परवाना हा आपला विषय नाही. आपण त्यावर मत देऊ शकत नाही.”

“मत नकोय साहेब, वस्तुस्थिती हवीय.”

“वस्तुस्थिती सांगायलाही त्सुश्टेंडिश असावं लागतं.”

कायदा विभागाला फोन केला. तिथला तरुण वकील फार सौजन्याने बोलला. लेखी अर्ज करा, म्हणाला, दोन्ही कार्यालयांचं मत मागवू, साधारण सहा आठवडे धरा. मी फोन ठेवला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. या इमारतीत शेकडो माणसं, मुलांच्या आरोग्यावर भिंतभर पोस्टरं, तळघरात गाजराचा पोशाख, आणि एका उपाशी पोरीला ‘जेव’ म्हणून लिहून द्यायला एक टेबल नाही! वजन घटवायला पत्र पाठवताना कोणालाही विचारावं लागलं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कार्यालयाचा छापील कागद घेतला आणि बसले. तीन वाक्यं लिहिली. खाली कायदा विभागाचं वाक्य लिहिलं नाही. सही केली, पूर्ण नाव, पद. राहिला शिक्का. तो आमच्या सेक्रेटरी फ्राउ बेकच्या खणात असायचा आणि साहेबांच्या परवानगीशिवाय तो मारायचा नाही असा दंडक होता. मी तिच्या टेबलापुढे कागद घेऊन उभी राहिले. तिने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, खण उघडला, आणि उठून खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला गेली. कुंडीतून पाणी खाली सांडेपर्यंत ती वळली नाही.

पुढचं सरकारी पुराण आत्ताच उरकून टाकते. ते पत्र कोणाच्या तरी नजरेला पडलंच आणि मला लेखी समज मिळाली, आयुष्यातली एकमेव. तिच्यात लिहिलं होतं की मजकूर बरोबर असला तरी तो लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. आमच्या प्रोजेक्टच्या अहवालात शाळेचा निकाल ‘उत्साहवर्धक’ म्हणून छापला गेला. सगळ्यात जास्त वजन घटलेल्या मुलांत समीक्षाची नोंद होती, नावाशिवाय, नुसता आकडा. तो काढा म्हणून मी भांडले. आकडे वगळता येत नाहीत, असं उत्तर मिळालं. तळटीप तरी टाका म्हटलं, तर जागा नव्हती. पत्राखालचं ते वाक्य बदलायला समिती बसली, आणि वाक्य खरोखर बदललं, तोवर प्रोजेक्टची तीन वर्षं संपली होती. नव्या प्रोजेक्टचं नाव वेगळं, चित्र वेगळं. भोपळी मिरची.

त्या समजेचा कागद मी अजून जपून ठेवलाय. पण बाकीची पत्रं कुठल्या कुठल्या घरांत गेली, कोणकोणत्या मुलांनी ती आईबापांना वाचून दाखवली, याचा विचार आला की जेवण जात नाही. मी त्या सगळ्यांना फोन करायला हवे होते. केले ते फक्त काहींना, ज्यांची नावं परदेशी वाटली त्यांना. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

असो. शिक्का मारलेला कागद घेऊन मी त्याच संध्याकाळी मेश्रामांकडे गेले. नितीन नुकताच कामावरून आला होता. मी लिफाफा त्याच्या हातात दिला. त्याने तो उघडला, शिक्का पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला, आणि सवयीने कागद समीक्षाकडे दिला. मला वाटलं, मीच वाचून दाखवावं. मग हात मागे घेतला. या घरात पत्र वाचायचं काम तिचं होतं.

ती जेवणाच्या टेबलाजवळ उभी राहिली. आधी सगळं मनात वाचलं, ओठ हलत होते. मग जर्मनमध्ये मोठ्याने वाचलं. मग थांबली. आईकडे पाहिलं, आणि आजवर मी जे कधी ऐकलं नव्हतं ते झालं. ती मराठीत बोलायला लागली, शब्द शोधत, अडखळत.

“शहर सांगते, की... समीक्षाचं वजन आणि आपण इथे राहणार, याचा एकमेकाशी काही... काही नाही. मुलगी निरोगी आहे. तिने पोटभर जेवायचं.”

“पोटभर असं लिहिलंय?” वैशालीने विचारलं.

“हो. इथे,” तिने बोट ठेवलं.

नितीन पुढे झाला. “आणि तारीख? कधीपर्यंत?”

तिने पुन्हा वाचलं. कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग पुन्हा खालपासून वरपर्यंत, एकेक ओळ बोटाने तपासली.

“तारीख नाहीये, बाबा.”

नितीनने फ्रिजवरचा आलेख काढला, त्याची घडी घातली, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. वैशाली उठली आणि तिने तवा ठेवला. पहिली पोळी तुपासकट ताटात पडली तेव्हा समीक्षाने माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. मी मान डोलावली.

माझा सगळा जन्म मुलांच्या ताटातलं मोजण्यात गेला. त्या संध्याकाळी तिने किती पोळ्या खाल्ल्या, मला माहीत नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.